नाक पॅक केल्यावर जीव गुदमरला तर?

"मॅडम, ऑपरेशनची भीती नाही हो, पण शुद्धीवर आल्यावर नाक पॅक असणार ना, झोपेत श्वास अडकला तर?" पॅक म्हणजे नाकाच्या ऑपरेशननंतर रक्त येऊ नये म्हणून नाकपुड्यांत भरलेला बोळा, तो असेपर्यंत श्वास तोंडानेच. हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आता पेशंटने तारीख पुढे ढकलली म्हटलं की आधी हेच विचारते.

एक गृहस्थ आलेले (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). नाकाचा पडदा वाकडा, डावी नाकपुडी कायम बंद, घोरण्यापायी बायको हॉलमध्ये झोपते, आणि यांनी तारीख दोनदा पुढे ढकललेली, एकदा मुलीची परीक्षा, एकदा चक्क अमावस्या. बोलता बोलता निघालं की लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधलेला डबा सुटला होता आणि नाकातोंडात पाणी गेलेलं. म्हणजे भीती सर्जरीची नव्हतीच.

मी म्हटलं, अहो रात्रभर तोंड उघडं टाकून घोरता, म्हणजे तोंडाने श्वास घ्यायची प्रॅक्टिस आहेच की! हसले. मग पोहणारे लावतात तो नाकाचा चिमटा आणायला सांगितला, रोज टीव्ही बघताना लावायचा, घाबरलं की लगेच काढायचा. पहिल्या दिवशी चाळीस सेकंद. तिसऱ्या आठवड्यात चिमटा लावून वरणभात जेवले, घास गिळला की कानात दडा बसतो आणि चव लागत नाही हे घरीच कळलं ते बरंच झालं. डॉक्टरांनाही विचारायला लावलं की पॅक घालणार की स्प्लिंट (पडद्याला आधार देणारी पातळ पट्टी), किती दिवस, कारण सगळेच सर्जन पॅक घालत नाहीत. त्यांना पॅक एक दिवसाचाच होता. सिगरेट बंद, आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगायचं, आपल्या मनाने बंद नाही करायच्या.

ऑपरेशननंतरची ती रात्र वाईटच गेली, खोटं कशाला सांगू. तोंड कोरडं, डोळ्यांतून पाणी, उशाला दोन उशा, बायको चमच्याने पाणी देतेय. पण घाबरून पॅक ओढला नाही.

खरा फोन आला पाचव्या दिवशी. पॅक काढल्यावर नाक मोकळं वाटलेलं आणि आता परत बंद, त्यात सासूबाई म्हणाल्या, हाड परत वाढलं वाटतं! अहो पाच दिवसांत हाड वाढत नाही, आतली सूज आणि खपल्या असतात, नाक बरेच आठवडे चोंदल्यासारखं राहतं, पूर्ण निकाल कळायला काही महिने जातात. तोवर डॉक्टरांनी दिलेलं मिठाचं पाणी नाकात सोडायचं, ते सांगेपर्यंत नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून, जड उचलायचं नाही. ताजं रक्त थांबतच नसेल, ताप आला किंवा दुखणं आणि सूज वाढतच चालली तर मात्र मला नाही, सरळ ईएनटीला फोन.

हे सगळं ऐकून त्यांनी काय केलं, तर टिश्यूवरच्या खपलीचा फोटो मला पाठवला, "मॅडम ही नॉर्मल आहे का?" मी तेव्हा पोहे खात होते.