उद्याचा पाठ आज संध्याकाळी : वसतिगृहातल्या भावी शिक्षकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) विद्यालयाच्या वसतिगृहात ३० मुली आहेत. सगळ्या एकाच अभ्यासक्रमाच्या, पण खोलीत आल्या की जिचा तिचा मोबाइल. एकत्र राहण्याचा शिकण्याला उपयोग कसा करून घ्यावा? — वसतिगृह अधीक्षिका, यवतमाळ जिल्हा

नियमांचा फलक लावून सुरुवात करू नका. आधी रोजचा एकच तास पक्का करा, संध्याकाळी सहा ते सात. जेवणानंतर ठेवलात तर निम्म्या जणी पेंगतील. सहा-सहा जणींचे पाच गट पाडा आणि प्रत्येक गटात पहिल्या वर्षाच्या तिघी, दुसऱ्या वर्षाच्या तिघी घ्या. व्हरांडा, जेवणघर, प्रार्थनेची खोली अशा पाच जागा ठरवून द्या. वीज गेली तरी अडू नये म्हणून फळा आणि खडू एवढंच साहित्य ठेवा.

सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे मोजक्या जणींसमोर छोटा पाठ घेऊन शिकवण्याचा सराव करण्याचं, चक्र ३६ मिनिटांचं असतं : ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं चर्चा, १२ मिनिटं टाचण (पाठाची लेखी आखणी) दुरुस्त करायला, पुन्हा ६ मिनिटं पाठ आणि ६ मिनिटं चर्चा. म्हणजे तासात एकीचं चक्र नीट पूर्ण होतं आणि सोमवार ते शनिवार सहाही जणींची पाळी येते. उरलेल्या वेळात दुसऱ्या दिवशी जिची पाळी, तिचं टाचण सगळ्यांनी वाचावं. दोघींची चक्रं एका तासात कोंबायला गेलात की पहिला बळी दुसऱ्या पाठाचा जातो. खरं शिकणं मात्र त्याच दुसऱ्या पाठात होतं.

एक जण शिकवेल, तिघी विद्यार्थी होतील, एक घड्याळ पाहील, एक निरीक्षण करील. इथे हमखास एक गोष्ट बिघडते. मैत्रिणी विद्यार्थी झाल्या की पटापट बरोबर उत्तरं देतात आणि पाठ छान झाला असं वाटतं. म्हणून निरीक्षकेनं चुकांच्या चिठ्ठ्या तयार ठेवाव्यात आणि विद्यार्थी झालेल्यांना द्याव्यात; त्यांनी चिठ्ठीवरचंच उत्तर द्यावं. हातच्याच्या वजाबाकीचा पाठ असेल तर चिठ्ठीवर लिहा : ५२ − २७ = ३५. मुलं हे उत्तर खरोखर काढतात, कारण २ मधून ७ जात नाहीत म्हटल्यावर ती सरळ ७ मधून २ काढतात. आता शिकवणारीनं काय करायचं? पुन्हा रीत सांगून भागत नाही. तुराटीच्या ५२ काड्या घ्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे पोरांच्याच हातून बांधून घ्या, दोन काड्या सुट्या ठेवा आणि २७ मागा. गठ्ठा सोडल्याशिवाय ७ सुट्या काड्या देता येत नाहीत, हे पोराच्या हाताला कळतं. आयते बांधलेले गठ्ठे आणले तर हीच पायरी हुकते.

चर्चेत ‘छान झाला’ हे वाक्य बंद करा. निरीक्षकेनं आधी मोजलेलं सांगावं. “तू ‘समजलं का?’ असं नऊ वेळा विचारलंस, नऊही वेळा ‘हाव’ (हो) आलं, पण एकीलाही करून दाखव म्हणाली नाहीस.” यावर बोलणं आपोआप सुरू होतं. पहिल्या वर्षाच्या मुलींना आधी बोलू द्या, नाहीतर मोठ्या मुली सगळी चर्चा खाऊन टाकतात. आणि ताई, तुम्ही या तासाला गुण देऊ नका. गुण आले की मुली घोटून पाठ केलेला पाठ दाखवतील आणि अडतं ते लपवतील.

प्रश्न : वर्गात पोरं ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ म्हणतात. मीही घरी वऱ्हाडीच बोलते. सरावपाठात प्रमाणभाषेचे गुण कापले जातात. काय करावं? — प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, अकोला जिल्हा

तुमचं बोलणं आणि पोराचं बोलणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पोर उत्तर देत असताना मध्येच भाषा सुधारू नका. दोनदा टोकलं की ते पोर महिनाभर तोंड उघडत नाही. त्याचं ऐकून घ्या, उत्तर बरोबर म्हणून स्वीकारा आणि तेच वाक्य पुस्तकी मराठीत सहज म्हणा. फळ्याच्या कडेला दोन रकाने आखा, ‘घरचं’ आणि ‘पुस्तकातलं’ : मले–मला, कायले–कशाला, वावर–शेत. ‘घरचं’ऐवजी ‘चूक’ असं कधीही लिहू नका. हे शब्द टाचणात आधीच नोंदवा आणि पाठापूर्वी निरीक्षक सरांना दाखवा, म्हणजे हे ठरवून केलंय हे त्यांना कळेल. तुमच्या स्वतःच्या तोंडी मात्र पाठात प्रमाण मराठीची सवय करा, कारण पोरांना ती ऐकायला मिळण्याची जागा बहुतेक वेळा शाळाच असते.

मेळघाटात किंवा गडचिरोलीत नेमणूक झाली तर हा उपाय पुरणार नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या. त्यांना ‘वेगळ्या धाटणीची मराठी’ समजणं ही फार मोठी चूक आहे. वसतिगृहात कोरकू किंवा गोंडी बोलणारी मैत्रीण असेल तर तिच्याकडून ४० शब्द आणि वाक्यं उतरवून घ्या : ये, बस, पाणी, भूक, पोट दुखतं, लघवीला जाऊ? पहिलीतलं लेकरू पोट धरून बसलं असेल तेव्हा पहिली गरज या शब्दांची पडते.

प्रश्न : स्वयंपाकाची पाळी, सामान मोजणं, हिशेब यात वेळ वाया जातो असं पालक म्हणतात. — प्राचार्य, चंद्रपूर जिल्हा

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याच्या गांधीजींच्या कल्पनेची, मांडणी झाली आणि पुढे सेवाग्रामला स्वयंपाकघर, सफाई, शेती, सूतकताई हाच अभ्यास झाला. पालकांना तेवढं मागे न्यायची गरज नाही. त्यांना शाळेतल्या पोषण आहाराचा हिशेब दाखवा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला १५० आणि ३० ग्रॅम. पाचवीपर्यंतची ४५ मुलं हजर असली तर साडेचार किलो तांदूळ आणि ९०० ग्रॅम डाळ. नोकरीच्या पहिल्या महिन्यात हे मोजमाप आणि नोंदवही गळ्यात पडू शकते. ज्यानं कधी तराजू धरला नाही त्याची नोंद आणि कोठीतला साठा जुळत नाही.

पोळ्या-भाजीला बाई असतील तर त्या राहू द्या. वजन करणं, कोठीची नोंद, बाजार आणि उरलेलं अन्न मोजणं एवढं विद्यार्थ्यांकडे द्या. ३० जणांना एका वेळी माणशी ४० ग्रॅम धरून एक किलो २०० ग्रॅम तुरीची डाळ लागते. आठवडाभर उरलेलं मोजलं की खरा अंदाज कळतो. पाळीत चौघं ठेवा, दोन्ही वर्षांचे. मुलं-मुली एकत्र जेवत असतील तर मुलांकडे बाजार आणि मुलींकडे भांडी ही वाटणी पहिल्याच आठवड्यात मोडून काढा. नंतर ती हलत नाही.

प्रश्न : बी.एड.ला आहे. गाव २२ किलोमीटरवर, एसटीनं ये-जा करतो. वसतिगृहात राहायलाच हवं का? — एक विद्यार्थी, वाशीम जिल्हा

सक्तीचं नाही, पण शेवटची गाडी पकडायची म्हटलं की संध्याकाळचा तास बुडतो. २०१४ च्या नियमांप्रमाणे बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतल्या अनुभवाला २० आठवडे आले : पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. हे १६ आठवडे सुरू होण्याआधीचे १५ दिवस तरी वसतिगृहात राहा. बाकी दिवस गावातच पाठाची तालीम करा. पाठाची सहा मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा, रात्री ऐका आणि कागदावर दोन रकान्यांत रेघा ओढा : मी किती वाक्यं बोललो, मुलांसाठी किती प्रश्न ठेवले. प्रत्येक प्रश्नानंतर मनात पाचपर्यंत मोजून थांबलात का, तेही ऐका. बहुतेक जण दोनलाच उत्तर सांगून मोकळे होतात.