तयार एआय मॉडेल मिळत असताना वैद्यकीय माहितीशास्त्रात मूलभूत संशोधनाला वाव उरला आहे का?

भरपूर आहे, कारण खरी अडचण रुग्णांच्या नोंदींची आहे. अमेरिकेतल्या न्यूमोनियाच्या नोंदींवर शिकवलेल्या एका मॉडेलने दमा असलेल्यांना मृत्यूचा धोका कमी ठरवला. असे रुग्ण थेट आयसीयूत जात, म्हणून वाचत. मॉडेलला ते उपचार दिसलेच नाहीत. ही चूक जास्त डेटा ओतून जात नाही, उलट पक्की होते. त्यासाठी कार्यकारणभावाचं, म्हणजे कशामुळे काय घडलं ते वेगळं काढण्याचं, गणित लागतं, आणि ते अजून अपुरं आहे.

न केलेली तपासणीही माहितीच असते: लॅक्टेट ही रक्ततपासणी सहसा गंभीर आजाराची शंका आली तरच मागवतात. रिकाम्या जागी नुसती सरासरी भरली की तो संकेत पुसला जातो.

सुरुवातीला फिजिओनेट या संकेतस्थळावरचा मिमिक-४ हा रुग्णालयीन नोंदींचा डेटासंच घ्या. ठरलेलं प्रशिक्षण आणि करारानंतर तो मोफत मिळतो. मॉडेल शिकवण्याचा आणि तपासण्याचा डेटा वेगळा करताना विभागणी रुग्णानुसार करा. भेटीनुसार केलीत तर तोच रुग्ण दोन्हीकडे येऊन अचूकता फुगते.