वाचकांचे प्रश्न : सकाळी धरलेली कंबर

सोलापूरहून आलेल्या पत्रांमध्ये या वेळी अंथरुणातून उठतानाच्या दुखण्याची पत्रं जास्त आहेत. वरवर तक्रार एकच दिसते, पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे.

प्रश्न : वय ४४. कुंभारीला राहते, घरी बिड्या वळते. उठताना कंबर, कुल्ले आणि मांड्यांची मागची बाजू आखडलेली असते. दहा-पंधरा मिनिटांत मोकळं होतं. पण पाणी भरायच्या दिवशी घागर उचलली की चमक भरते आणि दोन दिवस जात नाही. गादी बदलू का?

उत्तर : ताई, गादीचं नंतर बघू, आधी घागर. दोन मणक्यांमधली चकती रात्री आडवं असताना पाणी शोषून फुगते. त्यामुळे सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा साधारण दीड सेंटिमीटर जास्त भरते. उभं राहिलं की ते पाणी हळूहळू दाबून निघतं, आणि त्यातलं निम्मं तर पहिल्या तासातच. तोवर चकती टम्म असते. अशा वेळी कमरेतून वाकलं की तिच्या मागच्या कडेवर दुपारच्या मानाने पुष्कळ जास्त ताण येतो. पहाटे नळ आला म्हणून झोपेतून उठून थेट वाकायचं आणि पंधरा लिटरची घागर, म्हणजे पंधरा किलोच्या वर वजन, कमरेवर घ्यायचं, यापेक्षा वाईट वेळ कमरेसाठी दुसरी नाही.

नळाची वेळ तुमच्या हातात नाही, हे मान्य. मग घागर खाली न ठेवता स्टुलावर ठेवा आणि पाइपने भरा. अर्धीच भरा, दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील. उचलताना एक गुडघा टेकून ती पोटाशी धरा आणि वळायचं असेल तर कमरेतून न वळता पावलं फिरवा. केर, फरशी, खाली बसून भांडी ही कामं उठल्यावर तासभर तरी पुढे ढकला.

डोळे उघडल्यावर लगेच उठू नका. पाठीवर पडूनच घोटे वीस वेळा वर-खाली करा. गुडघे दुमडून दोन्ही मिळून डावीकडे-उजवीकडे दहा वेळा झुकवा. मग कुल्ले उचलून पाच सेकंद धरा, असं आठ वेळा. उठताना सरळ पाठीतून उठायचं नाही. कुशीवर वळा, हातांवर भार देऊन रांगण्याच्या स्थितीत या, एक पाय पुढे घ्या आणि उभ्या राहा. गुडघे छातीशी ओढण्याचा व्यायाम बरेच जण सकाळी करायला सांगतात. व्यायाम चांगला आहे, पण तोही वाकणंच आहे, म्हणून संध्याकाळी करा.

दुसरं कारण दिवसभराच्या बसण्यात आहे. मांडीवर सूप घेऊन बसलं की कंबर मागे गोल होते आणि तासन् तास तशीच राहते. चादरीची घडी घालून दहा-बारा सेंटिमीटर उंच बैठक करा, म्हणजे गुडघे कुल्ल्यांपेक्षा खाली जातील आणि कमरेचा बाक टिकेल. पाठ भिंतीला टेकवा आणि कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवा. सोलापुरी जाड टॉवेल याला उत्तम, तो दबत नाही. दर शंभर बिड्यांना एकदा उभं राहा, तळहात कुल्ल्यांवर ठेवून पाच वेळा हलकं मागे वाका. दिवसाच्या हजार बिड्यांचा आकडा यामुळे चुकणार नाही.

आता गादी. कापसाच्या गादीत मध्ये खड्डा पडला असेल तर ती पिंजून घ्या. नुसत्या सतरंजीवर झोपणं कमरेला चांगलं असं पुष्कळांना वाटतं, पण त्यात खुबे आणि खांदे टोचतात. मध्यम कडक गादी बरी. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्या.

प्रश्न : वय २७, टॉवेलच्या कारखान्यात काम. आठ महिन्यांपासून पहाटे तीन-चारला कंबरदुखीने जाग येते. सकाळी तासभर ताठरलेलं असतं, कामाला लागलो की बरं वाटतं, सुट्टीच्या दिवशी जास्त दुखतं. दुखणं कधी डाव्या कुल्ल्यात, कधी उजव्या. एक्स-रे नॉर्मल आहे.

उत्तर : हे नेहमीचं कंबरदुखणं वाटत नाही. कमी वय, तीन महिन्यांहून जास्त काळ, अर्ध्या तासापेक्षा जास्त ताठरपणा, विश्रांतीने वाढणं आणि हालचालीने कमी होणं, कुल्ला बदलणं, हे सगळं मणक्यांच्या दाहक संधिवाताकडे बोट दाखवतं. या आजारात माकडहाडाजवळच्या सांध्यांचा एक्स-रे पहिली काही वर्षं स्वच्छ दिसू शकतो. सुरुवातीचा दाह एमआरआयमध्ये दिसतो. रक्ताच्या ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या) आणि एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेल्या जनुकाची) या तपासण्या लागतील. शेवटची तपासणी निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे एकट्या रिपोर्टवर घाबरू नका. संधिवाततज्ज्ञांना दाखवा, नाहीतर सिव्हिलच्या मेडिसिन ओपीडीपासून सुरुवात करा. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. या आजारात असं होतं. सिगारेट-बिडी ओढत असाल तर सोडा, तिने हा आजार वाढतो. मेडिकलमधून आपल्या मनाने रोज वेदनाशामक गोळी मात्र घेऊ नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने शरीर सुकलेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला जास्त बाधतात.

प्रश्न : वय ५८, तीस वर्षं मागावर उभा. सकाळचं पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा टोचल्यासारखं होतं. पहाटे पोटरीत गोळेही येतात.

उत्तर : तळपायाचा जाड पट्टा रात्री आखडतो आणि पहिल्या पावलाला ओढला जातो. पाय खाली टेकवण्याआधीच अंथरुणात बसून हाताने बोटं नडगीकडे ओढा, दहा सेकंद धरा, दहा वेळा करा. चप्पल उशाशी ठेवा, अनवाणी शहाबादी फरशीवर उतरू नका. पोटरीत गोळा आला की बोटं वर ओढायची, पोटरी चोळत बसायचं नाही. साखर तपासून घ्या. बीपी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर पोटरीत गोळे येतात हे डॉक्टरांना सांगा, काही औषधांनी हा त्रास वाढतो.

प्रश्न : आईचं वय ७०. मोरीत घसरली, तेव्हापासून कंबर दुखते. घरच्या घरी शेकत राहू का?

उत्तर : नाही. या वयात हाडं ठिसूळ असतात, साध्या पडण्यानेही मणका दबतो. या आठवड्यातच एक्स-रे काढा आणि तोवर चोळणं, मालिश बंद ठेवा. घरात कोणालाही कंबरदुखीसोबत बारीक ताप, वजन घटणं, रात्री घाम असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासायला हवा. आणि बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत झाली, पायातली ताकद गेली, तर सकाळ होण्याची वाट न बघता रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्या.