कवितेचं विश्लेषण करायला बसलं की सारांशच का लिहिला जातो?

कारण आपण ‘कविता काय सांगते’ एवढंच विचारतो. ‘कशी सांगते आणि त्यामुळे काय घडतं’ हा प्रश्न धरला की सारांश आपोआप मागे पडतो.

आधी दोनदा मोठ्याने वाचा, हातात पेन्सिल न घेता. मग साध्या गद्यात अन्वय लावा: कोण बोलतंय, कोणाशी, कधी. बोलणारा ‘मी’ म्हणजे कवीच असं गृहीत धरू नका. चरित्राचे संदर्भ शेवटी. त्यानंतर वळण शोधा. ‘पण’, ‘तरी’, काळ बदलणं, ‘मी’चा ‘आपण’ होणं, या त्याच्या खुणा. सुनीत म्हणजे इंग्रजी ‘सॉनेट’च्या धर्तीची 14 ओळींची कविता; तिच्यात हे वळण बहुधा आठव्या ओळीनंतर येतं.

खरा वेळ शब्दांना द्या. उदाहरणापुरत्या या दोन ओळी रचल्या आहेत:

कुलूप लावले नाही
येणारे कुणीच नाही

दोन्हीकडे ‘नाही’ आहे, पण काम वेगळं. पहिलं ‘नाही’ न केलेल्या कृतीचं. कुलूप का लावलं नाही हे सांगितलेलंच नाही, त्यामुळे कुणाची तरी वाट पाहणं चालू आहे असं वाटतं. दुसरं ‘नाही’ अभावाचं. ते आलं की उघडं दार एकदम निरर्थक होतं. आता ‘च’ काढून पाहा. आशेला जरा जागा उरते, शिवाय 8 अक्षरांच्या ओळीत 7च राहतात आणि लय अडखळते. शब्द काढून किंवा बदलून पाहण्याची ही कसोटी सगळ्यात उपयोगी, माझ्या मते अलंकार ओळखण्यापेक्षाही.

छंदाचंही तसंच. अक्षरं किंवा मात्रा मोजा, पण नुसतं वृत्ताचं नाव आणि त्याचे गण, जसं ‘भुजंगप्रयात, चार य-गण’, लिहून गुण मिळाले तरी विश्लेषण होत नाही. लय कुठे मोडते, यमक कुठे टाळलंय आणि त्या जागी अर्थाचं काय होतं, ते लिहा. ‘येथे अनुप्रास आहे’ हे वाक्यही असंच अर्धवट. त्या आवाजाने काय साधलं?

लिहिताना आधी एका वाक्यात तुमचं म्हणणं ठरवा, ज्याला कुणी हरकत घेऊ शकेल असं. ‘कवितेत एकटेपणा आहे’ हे फार सैल. ‘ही कविता एकटेपणाची तक्रार करत नाही, फक्त त्याची नोंद ठेवते’ हे चालेल. मग प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा, त्याला आधार देणारे कवितेतले दोन-चार शब्द, आणि ते शब्द तो आधार कसा देतात याचं स्पष्टीकरण. अवतरणापेक्षा स्पष्टीकरण मोठं हवं. न जुळणारी ओळ सापडली तर ती लपवू नका. तिच्यासाठी आपलं वाक्य बदला.