एकदाच पॅक होऊन हजारो फोनवर उघडणाऱ्या डेटासाठी कोणतं कॉम्प्रेशन वापरावं?

तुमचा डेटा सर्व्हरवर रात्री एकदाच कॉम्प्रेस होतो आणि सकाळी हजारो फोनवर, जुन्या कॉम्प्युटरवर उघडतो. एकही बाईट इकडची तिकडे झालेली चालणार नाही. कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की जितकं जास्त दाबाल तितकं उघडायला जड जाईल. ते खरं आहे का आणि झिप सोडून दुसरं काही वापरावं का, असं तुम्ही विचारलंय.

ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मला स्वतःच्या चुकीतून कळलं, म्हणून आधी ती चूक सांगतो.

मी कोल्हापुरात असतो, राजारामपुरीत आमचं छोटं ऑफिस आहे. गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतो : सभासद, लिटर, फॅट, एसएनएफ, दहा दिवसांचं बिल. एका अपडेटबरोबर जुन्या नोंदींसकट तीनशे एमबीच्या आसपासचा डेटाबेस पाठवायचा होता. गावात नेट यथातथाच, म्हणून मी हौसेनं एक्सझेड (फाइल फार लहान करणारी एक कॉम्प्रेशन पद्धत) लावलं, तेही सगळ्यात वरच्या लेव्हलला, म्हणजे जास्तीत जास्त जोर लावून. फाइल झकास लहान झाली. पहाटे साडेपाचला एका सचिवांचा फोन आला, "साहेब, म्हशीनं दूध दिलं, तुमचं मशीन काय देईना." दारात किटल्यांची रांग, आणि आत एक जीबी रॅमचा म्हातारा कॉम्प्युटर ती फाइल उलगडत बसलेला. एक्सझेडच्या लेव्हल ९ ला नुसतं उघडायला ६५ एमबीच्या आसपास मेमरी लागते. त्या मशीनवर विंडोज आणि अँटिव्हायरस यांनीच जागा खाल्लेली, त्यामुळे निम्मा वेळ डिस्कवरच्या अदलाबदलीत गेला. दोष सर्वस्वी माझा. मी फाइलचा आकार मोजला होता, उघडायचा वेळ मोजलाच नव्हता.

आता मुद्द्याकडे. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी १९७७ साली मांडलेली पद्धत, म्हणजे एलझेड७७, आजच्या बहुतेक लॉसलेस, म्हणजे एकही बाईट न गमावणाऱ्या, कॉम्प्रेशनच्या पोटात आहे. तिची गंमत कोल्हापूरकरांना समजावणं सोपं आहे. पावसाळ्यात पंचगंगा चढू लागली की दर तासाला व्हॉट्सॲपवर काय येतं? 'राजाराम बंधारा पाणी पातळी ३९ फूट ०२ इंच'. पुढच्या तासाला तेच, फक्त ०२ च्या जागी ०४. आपण काय वाचतो? शेवटचा आकडा. (३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथे शाळकरी पोरालाही पाठ असतं.) एलझेड७७ तेच करतं. आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा लिहीत नाही. 'मागे इतक्या बाईट जा, तिथून इतक्या उचल' एवढीच सूचना लिहितं आणि नवीन काही असेल तेवढंच जसंच्या तसं ठेवतं.

यात कष्ट कुणाला पडतात ते बघा. दाबणाऱ्याला मागचा सगळा मजकूर धुंडाळावा लागतो : असाच तुकडा कुठे येऊन गेला, त्यातला लांब कोणता, आत्ता हा घ्यावा की एक अक्षर सोडून पुढचा जास्त फायद्याचा. उघडणाऱ्याला शोधायचं काहीच नाही. सांगितलं तिथून उचलायचं आणि ठेवायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी डंकावर कुटून आणतात, तसंच हे. दोन दिवस घरभर ठसका, पण नंतर वर्षभर रोज चमचाभर घेऊन आमटीत टाकायला किती वेळ लागतो? चटणी जास्त निगुतीनं केली म्हणून चमचा जड होत नाही.

म्हणून तुम्हाला मिळालेला सल्ला एकाच पद्धतीच्या आतल्या लेव्हलना लावला तर चुकतो. एलझेड४ आणि झेडस्टँडर्ड या एलझेड७७वरच बेतलेल्या दोन पद्धती घ्या. एलझेड४ची 'एचसी' आवृत्ती दाबायला कितीतरी हळू आहे, पण तिची फाइल तोच नेहमीचा डीकोडर (उघडणारा प्रोग्रॅम) उघडतो, आणि तितक्याच वेगानं. झेडस्टँडर्डमध्ये लेव्हल ३ असो वा १९, उघडायचा वेग जवळपास सारखाच राहतो. लेव्हल वाढवली की तुमचा सर्व्हर रात्री जास्त घाम गाळतो, उघडायच्या वेगात फोनला त्याचा पत्ताही नसतो (मेमरीची गोष्ट वेगळी, ती पुढे येते). तुमचं दाबणं एकदाच होणार असेल तर फोनच्या मेमरीला झेपेल तोवर खालच्या लेव्हलवर थांबायचं कारणच नाही.

मग उघडणं जड होतं कशानं? पद्धत बदलल्यानं. खरा फरक 'उचल आणि ठेव' या भागात पडत नाही, त्या सूचना कशा लिहिल्यात त्यात पडतो.

एलझेड४ हे यान कोले यांचं २०११ सालचं काम. त्यात सूचना पूर्ण बाईटमध्ये असतात. आधी एक टोकन बाईट : वरचे चार बिट सांगतात नवीन बाईट किती, खालचे चार सांगतात मागून किती उचलायच्या. मग त्या नवीन बाईट, मग दोन बाईटमध्ये 'किती मागे'. बस्स. 'राजाराम बंधारा' हे शब्द युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये ४० बाईट घेतात, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाईटचं असतं. तेरा चिन्हं आणि मध्ये एक मोकळी जागा. तेच शब्द दुसऱ्यांदा आले की एलझेड४ ते चार बाईटमध्ये बसवतं : टोकन, दोन बाईट अंतर आणि लांबी टोकनात मावली नाही म्हणून आणखी एक. उघडताना प्रोसेसरला बिट मोजत बसावं लागत नाही. तो आठ-आठ, सोळा-सोळा बाईट एका झटक्यात हलवतो, गरजेपेक्षा जास्त हलवल्या तरी फिकीर करत नाही, कारण पुढची सूचना त्यावरच लिहिणार असते. ब्लॉकच्या शेवटच्या पाच बाईट नेहमी जशाच्या तशा ठेवायच्या असा एलझेड४चा नियम आहे. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो विक्षिप्त वाटला होता. तो या बेफिकिरीला कुंपण घालण्यासाठी आहे. शिवाय मागे जायची मर्यादा ६४ केबी, म्हणजे लागणारा सगळा माल प्रोसेसरच्या जवळच्या कॅशमध्येच (त्याच्या छोट्या, वेगवान मेमरीत) सापडतो.

एक्सझेडमधलं एलझेडएमए याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे सूचनेचा बहुतेक प्रत्येक बिट संभाव्यतेच्या हिशेबानं लिहिलेला असतो, आणि पुढचा बिट कळायला आधीचा सुटलेला असावा लागतो. आजचा प्रोसेसर पुढची पाच-दहा कामं आधीच हातात घेऊन वेग मिळवतो, त्याला इथे पुढचं काहीच दिसत नाही. अंदाज चुकला की केलेलं काम टाकून पुन्हा सुरुवात, आणि हे बिटाबिटाला. फाइल लहान होते ती याच कंजूषपणामुळे, आणि उघडायला वेळ लागतो तोही त्याच्यामुळेच.

झेडस्टँडर्ड मधोमध आहे. तेही कोले यांचंच, फेसबुकमध्ये असताना २०१६ साली पहिली पक्की आवृत्ती आली. नवीन बाईटसाठी हफमन कोड (वारंवार येणाऱ्या बाईटला कमी बिट देणारा) आणि सूचनांसाठी यारेक दुडा यांच्या एएनएस या तशाच हेतूच्या नव्या कल्पनेवरचा कोड, तोही असा मांडलेला की उघडताना तक्त्यात बघायचं आणि पुढे जायचं. आकड्यांत सांगायचं तर, झेडस्टँडर्डवाल्यांनीच एका चांगल्या डेस्कटॉपवर सिलेशिया नावाच्या नेहमीच्या चाचणी-संचावर घेतलेली मोजणी आहे. एका कोअरवर उघडायचा वेग एलझेड४चा सेकंदाला ४ जीबीच्या पुढे, झेडस्टँडर्डचा दीड जीबीच्या वर, झिपच्या पोटातल्या झेडलिबचा ४०० एमबी. एक्सझेड माझ्या अनुभवात शंभर एमबीच्या आसपास रेंगाळतं. आकार एलझेड४मध्ये मूळच्या निम्म्याहून थोडा कमी उरतो, झेडस्टँडर्डमध्ये अगदी पहिल्या लेव्हललाही तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ. म्हणजे झेडस्टँडर्ड झिपपेक्षा लहानही आहे आणि उघडायला कितीतरी चपळही. १९९६ साली डिफ्लेटचं, म्हणजे झिपच्या आतल्या पद्धतीचं, प्रमाण ठरलं तेव्हा ३२ केबी मागे बघणं पुरेसं होतं. झिप वाईट नाही, जुनं आहे.

आर्च लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमनं २०१९च्या अखेरीस आपली पॅकेजेस (सॉफ्टवेअरच्या फाइल्स) एक्सझेडवरून झेडस्टँडर्डवर आणली. एकूण आकार वाढला ०.८ टक्के, आणि उलगडण्याच्या वेगातली वाढ त्यांनी १३०० टक्क्यांच्या आसपास दिली होती. ही बातमी मी आधी वाचली असती तर पहाटेचा तो फोन आला नसता.

मराठी मजकुराबद्दल एक गोष्ट कुठे लिहिलेली सापडत नाही म्हणून सांगतो. देवनागरीच्या तीन बाईटमधल्या पहिल्या दोन जवळपास कायम त्याच असतात, कॉम्प्युटरच्या सोळा-आधारी आकड्यांत ई०-ए४ किंवा ई०-ए५. एलझेड४ला किमान चार बाईटची पुनरुक्ती लागते, त्यामुळे सुटी आलेली नवीन अक्षरं तिथे तीन-तीन बाईटचीच राहतात. झेडस्टँडर्डमधला हफमन कोड मात्र सारख्या येणाऱ्या या दोन बाईटना एखाद-दुसरा बिटच देतो. त्यामुळे मराठी नावं, पत्ते, बातम्या असतील तर या दोघांतला आकाराचा फरक इंग्रजीपेक्षा जास्त जाणवतो. उलट वरच्या पाणीपातळीसारख्या नोंदी असतील तर एलझेड४ही खूश असतं : २ आणि ४ या देवनागरी अंकांत फक्त शेवटची बाईट वेगळी, त्यामुळे ०२ चं ०४ झालं तर नवीन मजकूर म्हणून एकच बाईट लिहावी लागते.

आता निवड. तीनशे एमबी आणि सेकंदाला १०० एमबी देणारी हार्ड डिस्क घ्या. डेटा उघडाच ठेवला तर वाचायला ३ सेकंद. एलझेड४नं निम्मा केला तर दीड सेकंद, आणि उलगडायला सेकंदाचा दहावा भागही नाही. झेडस्टँडर्डनं तिसरा हिस्सा केला तर वाचायला एक सेकंद, उलगडायला ०.२. एक्सझेडनं पाव केला तर वाचायला पाऊण सेकंद, उलगडायला मात्र तीन. म्हणजे न दाबलेलं बरं. डिस्कच्या जागी सेकंदाला ३ जीबी देणारी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) ठेवली तर उघडा डेटा ०.१ सेकंदात येतो आणि एलझेड४सुद्धा वेळेच्या हिशेबात जेमतेम बरोबरी करतं. प्लेस्टेशन ५ मध्ये सोनीनं क्रॅकन नावाच्या पद्धतीचा डीकोडर थेट चिपमध्ये बसवला तो याचसाठी : डिस्क सेकंदाला साडेपाच जीबी देणार, तर उलगडायला प्रोसेसर अडकवून परवडणार नव्हतं.

तुमच्या बाबतीत अडचण डिस्कची नाही, मोबाईल नेटवर्कची आहे. सेकंदाला दोन-अडीच एमबी मिळत असतील तर आकारच राजा. म्हणून पाठवण्यासाठी झेडस्टँडर्ड, लेव्हल १९. तिथे मागे बघायची खिडकी ८ एमबीची असते, जुन्या फोनला झेपते. २० पासून पुढच्या 'अल्ट्रा' लेव्हलला जाऊ नका, २२ ला ती १२८ एमबीपर्यंत जाऊ शकते आणि तुम्ही माझ्या किटल्यांच्या रांगेत येऊन उभे राहाल. फोनवर एकदा उतरवलेला डेटा ॲप सुरू होताना वारंवार वाचायचा असेल तर तिथे तो एलझेड४मध्ये बदलून ठेवा. वेब पानं असतील तर ब्रॉटली ही पद्धतही चांगली. त्यात आधीपासूनच एक शब्दसंग्रह भरलेला आहे, इंग्रजी-चिनीबरोबर हिंदीचाही. मराठी नाही, पण देवनागरी आहे हेही नसे थोडके.

तुमचे तुकडे लहान असतील, म्हणजे आमच्या दूध पावतीसारखे दोन-तीनशे बाईटचे, तर वरचं सगळं बाजूला. एवढ्याशा तुकड्यात मागे बघायला काही नसतंच, त्यामुळे कुठलीच पद्धत फारसं दाबू शकत नाही. झेडस्टँडर्डला नमुन्याच्या काही हजार पावत्या देऊन शंभर केबीच्या आसपासची डिक्शनरी (सारख्या येणाऱ्या तुकड्यांचा संग्रह) तयार करून घ्या आणि ती ॲपमध्येच पाठवा. मग प्रत्येक पावतीला मागे बघायला ती डिक्शनरी मिळते. फक्त तिला आवृत्ती क्रमांक द्या आणि जुनी कधी पुसू नका. ज्या डिक्शनरीनं दाबलं तिच्याशिवाय ते उघडत नाही.

फोटो आणि व्हिडिओ यात घालू नका, ते आधीच दाबलेले असतात. आणि एलझेड४ वापरताना लायब्ररीत 'डीकॉम्प्रेस फास्ट' नावाचं फंक्शन दिसेल, नावाला भुलू नका. बिघडलेली फाइल आली तर ते मेमरीच्या हद्दीबाहेर वाचू शकतं, आणि आता वेगातही त्याचा फायदा उरलेला नाही. शेजारचं 'सेफ' घ्या. मोजणी करताना तुमच्या टेबलावरचा लॅपटॉप नको, ज्या वापरकर्त्याचा फोन सगळ्यात जुना आहे त्याच्यावर करा, आणि फोन नुकताच चालू केलेला असू द्या, नाहीतर फाइल आधीच मेमरीत असते आणि आकडे फसवे येतात.