बोट तिघांची, कागद एकाच्या नावावर

प्रश्न : आम्ही तिघे कॉलेजपासूनचे मित्र. सारखे पैसे घालून एक जुनी, २६ फुटी, फायबरची शिडाची बोट घेतली. खरेदीचा कागद आणि विमा एकाच्या नावावर, कारण तो मुंबईत राहतो आणि धावपळ त्यालाच करायची होती. हिशेब व्हॉट्सअॅपवर. पहिले मोसम स्वर्गसुख होतं. आता दुसरा मित्र दुबईला गेलाय, वाटणीचे पैसे पाठवत नाही. पावसाळ्याआधी वर काढलेली बोट अजून बोटदुरुस्तीच्या यार्डातच आहे. बिल थकलं म्हणून यार्डवाले सोडत नाहीत. ज्याच्या नावावर कागद आहे तो म्हणतो, गोव्यात गिऱ्हाईक मिळालंय, विकून मोकळा होतो. मध्ये काही रविवारी त्याने पैसे घेऊन लोकांना फिरवलं, हेही आत्ता कळलं. मला बोट विकायची नाही. मी ती यार्डातून सरळ घेऊन जाऊ शकतो का? माझा हक्क उरतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हक्क उरतो. पण तो टिकवायचा तर आधी गोव्याच्या त्या गिऱ्हाइकाला लेखी कळवा. बाकी सगळं नंतर.

बोट ही कायद्याने जंगम मालमत्ता. मालविक्री कायदा, १९३० चा मूळ नियम तुमच्या बाजूचा आहे: विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. मात्र कलम २८ मध्ये एक अपवाद आहे. वस्तू अनेकांची असून बाकीच्यांच्या संमतीने एकट्याच्याच ताब्यात असेल, तर त्या एकाकडून प्रामाणिकपणे, काही ठाऊक नसताना घेणाऱ्याला पूर्ण मालकी मिळते. बोट सध्या यार्डाकडे आहे, मित्राच्या एकट्याच्या ताब्यात नाही, असं आपल्याला म्हणता येईल. पण एवढ्यावर विसंबू नका. मालक तिघे आहेत हे गिऱ्हाइकाला लेखी कळलं, की ‘मला माहीतच नव्हतं’ ही त्याची ढाल गळून पडते. ई-मेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने कळवा. नाव-पत्ता मिळत नसेल तर मुंबई आणि गोवा, दोन्हीकडच्या दैनिकांत वकिलामार्फत जाहीर नोटीस द्या. नोटिशीची प्रत विमा कंपनीला आणि बोटीची नोंद जिथे असेल त्या कार्यालयालाही द्या.

बोट यार्डातून परस्पर काढून नेऊ नका. भारतीय न्याय संहितेत चोरीच्या व्याख्येखाली घड्याळाचा एक दाखला दिला आहे. दुरुस्तीचे पैसे थकले म्हणून कारागिराने घड्याळ ठेवून घेतलं आणि मालकाने ते उचलून नेलं, तर ती चोरीच, घड्याळ स्वतःचं असलं तरी. यार्डाने बुडाचे शिंपले खरवडले, रंग लावला, इंजिन उघडून दुरुस्त केलं, या कामाच्या मजुरीसाठी करार कायदा, १८७२ चं कलम १७० त्यांना बोट अडवायचा हक्क देतं. नुसत्या जागाभाड्यासाठी त्या कलमाचा आधार मिळत नाही. धक्केवाल्यांना, म्हणजे धक्क्यावर माल उतरवून ठेवणाऱ्यांना, कलम १७१ खाली जास्त व्यापक हक्क आहे, आणि यार्डवाले आपण त्यात बसतो असं म्हणू शकतात. म्हणून क्रेन, मजुरी, सामान आणि भाडं असं वेगवेगळं मांडलेलं बिल मागून घ्या. परवडत असेल तर ते तुम्हीच बँकेतून भरा, सोबत पत्र जोडा : ‘सहमालक म्हणून, इतरांकडून वसुलीचा हक्क राखून’. मग त्याच कायद्याच्या कलम ६९ खाली त्यांचा वाटा मागता येईल, पैसे भरल्यापासून तीन वर्षांच्या आत.

दुबईच्या मित्रावरचा तुमचा राग समजू शकतो. पण पैसे थकवले म्हणून त्याचा तिसरा हिस्सा बुडत नाही. त्याला दुखवू नका, त्याच्याकडून लेखी घ्या : बोट तिघांची आहे आणि विक्रीला माझी संमती नाही. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच ठरेल. दोघांच्या बहुमताने तिसऱ्याचा हिस्सा विकता येत नाही, हेही लक्षात असू द्या. हा नियम तुम्हालाही लागू आहे.

बाकीचा पुरावा म्हणजे बँकेतल्या नोंदी आणि ते चॅट. फोन जपून ठेवा, काही डिलीट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे चॅटसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत तिच्या खरेपणाचं प्रमाणपत्र लागेल. मोठ्या नोंदणीकृत जहाजाची मालकी १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात (त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा मंजूर झाला आहे) दहा हिश्श्यांत मांडली जायची आणि कोणाचा किती हे नोंदवहीत दिसायचं. भारताच्या किनाऱ्यालगतच चालणाऱ्या, १५ टनांपर्यंतच्या बोटींना त्या कायद्यात सक्तीची नोंदणी नव्हती. तुमची बोट त्यातलीच, त्यामुळे सारी भिस्त तुमच्या कागदांवर.

समोरचा वकील ‘बेनामी व्यवहार’ हा शब्द काढेल, त्याची तयारी ठेवा. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं असेल, तर १९८८ चा बेनामी कायदा अशा मालमत्तेवर हक्क सांगायलाच आडकाठी करतो, आणि त्यात जंगम मालमत्ताही येते. आपलं उत्तर असं, की पैसे कागदावर नाव असलेल्या मित्राचेही होते, बोट तिघांनी मिळून वापरली आणि नाव फक्त कामाच्या सोयीसाठी होतं. दाव्याचा पहिलाच मसुदा बोटींची प्रकरणं हाताळलेल्या वकिलाकडून करून घ्या. ही बाजू नंतर दुरुस्त करणं अवघड जातं.

त्या मित्राने ऐकलंच नाही तर मुंबई उच्च न्यायालय. बोटीच्या मालकीचा वाद हा २०१७ च्या अॅडमिरल्टी (जहाजांविषयीच्या दाव्यांच्या) कायद्याखालचा सागरी दावा आहे, आणि न्यायालय बोटच अटकेत घेऊ शकतं. बोट गोव्यात नेली तरी तिथे पर्वरीला याच न्यायालयाचं खंडपीठ आहे. फक्त चुकीच्या अटकेची भरपाई देईन अशी हमी तुमच्याकडून मागितली जाऊ शकते, आणि या आकाराच्या जुन्या बोटीच्या किमतीपुढे कोर्टाचा खर्च डोईजड होतो.

रविवारच्या त्या फेऱ्यांबद्दल मला खरी काळजी वाटते. खाजगी वापराच्या विम्यावर पैसे घेऊन माणसं नेली आणि कुणी पाण्यात पडलं, तर विमा कंपनी हात वर करेल. सागरी विम्यात काही दडवलं तर पॉलिसीच रद्द ठरवता येते. प्रवासी नेण्याचा परवाना वेगळा असतो. ‘हे माझ्या संमतीने झालं नाही आणि यापुढे होऊ नये’ असं मित्राला लेखी कळवा. नाहीतर अपघाताच्या दाव्यात सहमालक म्हणून तुमचंही नाव येईल.

ऑक्टोबरात दुपारी गेटवेसमोर वायव्येचा वारा सुटतो, शीड भरतं, इंजिन बंद होतं. ते सुख काय असतं ते मी जाणतो, म्हणून विकून टाका असा सल्ला मी देणार नाही. पण खटला चालू असताना बोट उन्हात टेकूंवर उभी राहते. शिडांना बुरशी धरते, खाऱ्या हवेत इंजिन जाम होतं. म्हणून सागरी सर्वेक्षकाकडून मूल्यांकन करून घ्या आणि दोघांचे हिस्से विकत घेण्याचा लेखी प्रस्ताव द्या, थकबाकी वजा करून, ठरावीक मुदतीसह. एकट्याला झेपत नसेल तर नवा भागीदार शोधा. मात्र या वेळी करार आधी : कोणाचा किती हिस्सा, पावसाळ्याचा खर्च कोणत्या तारखेपर्यंत भरायचा, न भरल्यास काय, आणि विकायचं झाल्यास पहिला हक्क कोणाचा.

तोवर यार्डाला आजच पत्र द्या : तिघांच्या लेखी संमतीशिवाय बोट पाण्यात उतरवू नये, कोणाच्या हवाली करू नये. पोच घ्यायला विसरू नका.