सोळा वर्षांच्या मुलाला घरीच, आपल्यादेखत थोडी बिअर दिली तर बाहेरचा धोका टळतो का?

नाही. घरात मिळाली म्हणून पोरं बाहेरची सोडत नाहीत, बाहेरच्यात घरचीची भर पडते. महाराष्ट्रात बिअर-वाईनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षांची अट आहे, ती वेगळीच. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘जास्त झालीच तर लिंबू पाजून झोपवता येतं’. मुलं मरतात ती याच समजुतीपायी.

एका चपटीचा, म्हणजे व्हिस्की-रमच्या छोट्या बाटलीचा हिशेब घ्या. १८० मिलिलिटर, ४२.८ टक्के, म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ५० किलोच्या मुलाने पैजेवर, रिकाम्या पोटी रिचवली तर रक्तात १०० मिलिलिटरमागे १७०-१८० मिलिग्रॅमपर्यंत जाते. (गाडी चालवायची मर्यादा ३०.) यकृत तासाला १५च्या आसपास उतरवतं, लिंबू, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही तो वेग वाढत नाही. त्यात पोरगा आडवा होतो तेव्हा शेवटचे घोट अजून पोटातच असतात, म्हणजे झोपल्यावरही चढतच राहते. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, असं म्हणून घरचे दिवा घालवतात. उताण्या पोराची उलटी श्वासनलिकेत जाते. ठसका लागायला शुद्ध हवी, ती नसते. लिंबूवाले तर ही उलटी मुद्दाम काढायला बघतात!

शिवाय यकृत दारूत गुंतलं की साखर बनवत नाही, आणि पोरांचा साठा मुळात लहान. घाम, थरथर, मग फीट. बघणारे म्हणतात, टाईट झालाय.

कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे वाकवून, वरचा हात गालाखाली, तोंड किंचित जमिनीकडे. पांघरूण घाला, एकटं सोडू नका. घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजा. ८पेक्षा कमी, दोन श्वासांत १० सेकंदांचा खंड, ओठ निळसर, किंवा चिमटा काढूनही डोळे उघडत नाहीत, यातलं एक जरी दिसलं तरी १०८. दवाखान्यात काय, किती, किती वाजता आणि सोबत कुठली गोळी, ते खरं सांगा. अब्रूसाठी ‘बाहेरचं खाल्लं’ सांगितलंत तर उपचार भलत्याच दिशेने जातात.

पूर्ण शुद्धीत असेल, नीट गिळत असेल, तर साखरपाणी घोटघोट चालेल. डोक्याला मार लागला असेल तर मोजत बसू नका, थेट न्या.

आणि ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी: ६५० मिलिलिटरच्या ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. दोन तृतीयांश चपटी.